बटर पेपर आणि आठ पायांची मुंगी

मॅक्रो लेन्स ज्यांच्या ऐपतीबाहेर होती त्यांच्यासाठी एक सोय होती. असलेली लेन्स उलटी बसवायची. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स, तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाठ जगाकडे अशी लावली, की समोरचा किडा फिल्मवर जवळजवळ त्याच्या मूळ आकारात उतरतो. त्यासाठी लागणारी रिव्हर्सिंग रिंग मुंबईत, फोर्टातल्या बोरा बाजारात मिळायची. पुण्यात मिळाली तर नशीब. मग आम्ही ती करून घ्यायचो. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण लेथवाल्याकडे न्यायचं, मधोमध भोक पाडून घ्यायचं, काच फुटलेल्या एखाद्या फिल्टरची नुसती कडी त्यावर ॲरल्डाइटने चिकटवायची आणि रात्रभर जाडजूड पुस्तकांच्या वजनाखाली ठेवून द्यायची. लेथवाला विचारायचा, "हे कशासाठी?" किड्यांचे फोटो काढायला, असं सांगितलं की तो पैसे कमी सांगायचा. पोरगा वाया गेलाय, त्यात आपण कशाला भर घालायची, असा काहीसा हिशेब असावा.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं आणि नव्वदीच्या सुरुवातीचं सांगतोय. कॅमेरा सेकंडहँड पेंटॅक्स के-१०००. त्यात आपोआप काहीच होत नसे. बॅटरी लागायची तीही फक्त मीटरची सुई हलवायला. त्यावर लेन्स उलटी लावली की उरलंसुरलं सुखही जायचं. लेन्स आणि कॅमेरा यांच्यातली खिटी सुटल्यामुळे ॲपर्चर क्लिकबरोबर आपोआप बंद होत नसे. उघड्या ॲपर्चरवर फोकस साधायचा, मग बोटाने रिंग १६ वर फिरवायची, आणि ती फिरवली रे फिरवली की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. लेन्सवरच्या फोकस रिंगचा उपयोग शून्य. फोकस करायचा तो सगळा देह मागेपुढे करून. मूळ आकारात फोटो घेताना एफ/१६ वरसुद्धा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. कोळ्याचे डोळे धरले तर पोट धूसर, पोट धरलं तर डोळे. आपला श्वास, छातीतली धडधड आणि वेताळ टेकडीवरचा वारा, या तिघांना दोन मिलिमीटरच्या आत गप्प बसवणं हा आमचा छंद होता.

उजेडाची तर कायमची बोंब. मूळ आकाराच्या फोटोत फिल्मपर्यंत पाव हिस्साच उजेड पोचतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. त्यात रोल हळू. फुजीचा वेल्व्हिया १९९० मध्ये आला आणि त्यावरचा पावसाळी हिरवा बघून आम्ही खुळावलो. पण तो आयएसओ ५०चा. मग फ्लॅशशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि फ्लॅश म्हटला की वही. गाइड नंबर २०, अंतर पाव मीटर. भागाकार करा, आलं ८०. रोल १००च्या जागी ५०चा आहे, म्हणून ५६. लेन्स पुढे गेल्याचे दोन स्टॉप वजा, २८. फ्लॅशच्या तोंडावर बटर पेपरची घडी, ती दीड स्टॉप खाते. आलं १६. एकदा हे जमलं की पट्टी वाकवून केलेल्या ब्रॅकेटवर फ्लॅश लेन्सच्या शेजारी कायमचा बसवायचा आणि अंतराला हात म्हणून लावायचा नाही. जॉन शॉ या अमेरिकन छायाचित्रकाराचं 'क्लोजअप्स इन नेचर' हे १९८७चं पुस्तक आमच्या हाती आलं ते झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या रूपात. रंगीत फोटोग्राफीचं पुस्तक आम्ही काळ्या-करड्या डागांतून शिकलो. फुलपाखराचा नारिंगी रंग कसा साधावा हे ज्या पानावर लिहिलं होतं त्यावरचं फुलपाखरू डांबरात बुडवून काढल्यासारखं दिसायचं.

आता ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, हाच छंद करते. २०२०च्या टाळेबंदीत घरात बसून तिने सुरुवात केली, तीही फोनवर चिमट्याने अडकवायच्या काही शे रुपयांच्या भिंगापासून. स्वस्त फोनांच्या पाठीवर दोन मेगापिक्सेलची एक 'मॅक्रो' काच चिकटवून द्यायची फॅशन मध्ये आली होती. ती काच बहुधा पाठीवरची भोकं वाढवण्यापुरतीच होती. त्यापेक्षा हा चिमटा शंभर पटीने बरा. महागड्या फोनांत म्हणाल तर २०२१च्या आयफोन १३ प्रोमध्ये दोन सेंटिमीटरवर फोकस करणारी सोय आली आणि लेथ, ॲरल्डाइट, बटर पेपर हे सगळं एका फटक्यात अडगळीत गेलं. अडगळीत गेलं असं मला वाटलं होतं, एवढंच. बटर पेपरकडे पुन्हा येतो.

भाची फोटो काढते, लगेच बघते, तोंड वाकडं करते, कोन बदलते, पुन्हा काढते. आम्ही एका रोलकडून महिन्याने जे शिकायचो ते ती उभ्या उभ्या शिकते. छत्तीस फोटोंच्या मर्यादेने म्हणे शिस्त लागायची, हातून नेमकेपणा यायचा. माझ्या पिढीचे लोक हे इतक्या वेळा बोलतात की आता त्यांना ते खरंच वाटू लागलंय. माझा अनुभव वेगळा आहे. रोलमध्ये निम्मे फोटो हललेले असत, उरलेल्यांतले निम्मे काळे, आणि काय चुकलं हे कळेपर्यंत तो किडा, ते झाड आणि तो पावसाळाही गेलेला असे. वहीत नोंद केली असली तर ठीक, नाहीतर पुढच्या रोलला तीच चूक तितक्याच निष्ठेने. आज शटर, ॲपर्चर, वेळ, तारीख सगळं फोटोच्या पोटात आपोआप लिहिलं जातं. शिकायला हीच व्यवस्था चांगली, यात मला तरी शंका नाही.

मर्यादेची दुसरी बाजू तर कोणी बोलतच नाही. घरात कॅमेरा एक, आणि तो मुलाचा. ताईची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. रुईच्या पानामागे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी आहे हे आधी तिला दिसायचं, मग मला. पण रोल महाग, स्लाइड धुणं महाग, म्हणून तिच्या हातात कॅमेरा क्वचितच गेला. 'वाया घालवशील' हे वाक्य मी वर सांगितलेल्या निम्म्या हललेल्या फोटोंच्या मालकाला कोणी कधी ऐकवलं नाही.

लॅबवाल्यांचंही एक प्रकरण असायचं. साधा निगेटिव्ह रोल दिला तर प्रिंट काढणारं मशीन फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याची सरासरी काढायचं. फ्लॅशने काढलेल्या मॅक्रोत मागचं सगळं काळंभोर. मशीनला वाटायचं, फोटो अंधारात गेलाय. ते बिचारं उजेड वाढवून काळ्याचा राखाडी आणि हिरव्या टोळाचा पांढुरका करून ठेवायचं. एका लॅबमध्ये तर पाकिटात प्रिंटच नव्हत्या, नुसती निगेटिव्ह आणि चिठ्ठी: रोल खराब, पैसे घेतले नाहीत. किडे त्यांना खराबीत धरावेसे वाटले होते. म्हणून मग स्लाइड. स्लाइडवर मशीनची मतं चालत नाहीत, आपण काढलं तेच आणि तसंच समोर येतं. पण माझ्या ओळखीचा स्लाइड धुणारा मुंबईत होता. कोणीतरी डेक्कन क्वीनने जाणारा गाठायचा, त्याच्याबरोबर रोल द्यायचा, आणि मग वाट बघायची.

अशाच एका खेपेत ती मुंगी आली. दापोलीजवळ आत्याची वाडी आहे, तिथल्या आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचं राज्य. चावल्या की पाणी काढतात. उलट्या लेन्सने त्यांच्या जवळ जायचं म्हणजे त्यांच्या वाटेत तोंड घालायचं, पण पानांच्या कडा तोंडात धरून साखळी करणाऱ्या त्या मुंग्यांचा मोह सुटत नव्हता. काही फोटो घेतले. पावसाळ्यात स्लाइड आल्या. उधारीचा प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, समोर घरचे सगळे. एक मुंगी इतरांपासून जरा बाजूला, पानाच्या टोकाशी उभी होती. माझी बडबड चालू होती. ताई म्हणाली, "थांब. मागे घे. हिला आठ पाय आहेत."

सगळ्यांनी मोजले. पुढचे दोन पाय वर उचललेले, मुंगीच्या मिशांसारखे. जमिनीवर टेकलेले सहा. डोक्याच्या पुढे दोन मोठे गोल डोळे, मुंगीला नसतात तसे. कमरेला मुंगीसारखीच बारीक खाच. तो कोळी होता, मुंगीचं सोंग घेऊन मुंग्यांच्या वस्तीत राहणारा. चावऱ्या मुंग्यांच्या वाट्याला पक्षी आणि गांधीलमाशा सहसा जात नाहीत, त्या दहशतीचा हा फुकटचा लाभार्थी. चादरीवर तो माणसाएवढा झाला होता आणि शेंडीपासून नखापर्यंत तांबूस पिवळा. झाडावर मात्र तो माझ्या नाकासमोर फिरत असताना मला, आत्याला, गड्याला, कोणालाच वेगळा वाटला नव्हता.

आता ही गंमत चादर लावून होत नाही. फोटो काढल्याबरोबर दोन बोटांनी मोठा करायचा, पाय मोजायचे. संपलं. आणि मोजायची तसदी न घेता ॲपला विचारलं, तर तेही सांगतं. आयनॅचरलिस्ट २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१७ पासून तिथे फोटो टाकला की यंत्रच नाव सुचवू लागलं. आमच्याकडे नावासाठी पुस्तकं होती, आणि तीही फुलपाखरांपुरती बरी. विंटर-ब्लाइदचं १९५७चं जाडजूड पुस्तक वाचनालयात बसून बघायचं. थॉमस गे, आयझॅक किहिमकर आणि पुनेठा यांचं छोटं पुस्तक १९९२ मध्ये आलं, ते खिशात मावायचं. पुढे २००० मध्ये कृष्णमेघ कुंटेंचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं आलं आणि पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्याच टेकड्यांबद्दल लिहिलंय. कोळ्यांसाठी टिकादारांची पुस्तकं. त्यांतली रेखाचित्रं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या कोळ्याची. पानावर धावणाऱ्या कोळ्याच्या फोटोवरून त्यांत काही शोधणं म्हणजे अंगठ्याच्या ठशावरून माणूस बाजारात हुडकणं. तो मुंगीतोंड्या कोळी माझ्या डब्यात वर्षानुवर्षं 'मुंगी? कोळी!' अशा चिठ्ठीखाली पडून राहिला.

भाचीने ती स्लाइड स्कॅन करून आयनॅचरलिस्टवर चढवली, तेव्हा यंत्राने आधी मुंगीच सुचवली. सोंग इतकं बेमालूम की यंत्रही फसलं. मग कोणा जाणकाराने दुरुस्ती केली: मायरमाप्लाटा. नावापेक्षा मला आवडलं ते पुढचं. त्याने विचारलं, तारीख आणि ठिकाण नक्की आहे का? होतं. एक्स्पोजरसाठी ठेवलेल्या वहीत, ॲपर्चरच्या शेजारी, दोन्ही लिहिलेलं होतं. उजेडाचा हिशेब म्हणून जी वही लिहिली तिची आता जीवशास्त्राची नोंद झाली. आज हौशी लोकांचे असे फोटो अभ्यासकांच्या खरोखर कामाला येतात. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये 'आयसियस तुकारामी' असं नाव मिळालं, हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. मुंबईच्या इतक्या जवळ, माणसांच्या इतक्या गर्दीत, नाव नसलेला कोळी निघतो. मग वाडीतल्या एका आंब्यावर काय काय असेल!

स्लाइडच्या डब्याविषयी एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागायची. सिलिका जेलच्या पुड्या, तांदळाचा डबा, चाळीसचा दिवा लावलेलं कपाट, सगळे उपाय केले तरी काही वेल्व्हिया गेल्याच. एका हळदीकुंकू फुलपाखराच्या पंखांवर बुरशीचे नाजूक धागे असे पसरलेत की आता फुलपाखरापेक्षा बुरशीचाच मॅक्रो म्हणून तो जास्त चांगला वाटतो. भाचीची हार्ड डिस्क एकदा बसली तेव्हा मात्र काहीच उरलं नाही, बुरशीसुद्धा नाही.

आता जे गेलं आणि ज्याचं मला वाईट वाटतं ते. रोल महाग होता म्हणून क्लिक करता येत नसे, आणि क्लिक करता येत नसे म्हणून बघत बसावं लागे. हे बघत बसणं म्हणजे कोणी अंगी बाणवलेला सद्गुण नव्हता. खिशाने लादलेली सक्ती होती. अंगणातल्या कण्हेरीवर कॉमन क्रो फुलपाखराची अळी असायची, तपकिरी पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या. ती पानाखाली उलटी लटकायची, कात टाकायची आणि कोष व्हायचा. तो कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत असतो. त्यात आकाश दिसतं, गच्ची दिसते, आपण दिसतो, कॅमेरा दिसतो. फ्लॅश मारला तर कोषाच्या जागी एक पांढरा ठिपका उरतो. रोलचे तीन फोटो शिल्लक, म्हणून मी तो कोष दिवसचे दिवस नुसता बघितला. आठवडाभराने चांदी उतरते, आतून काळपट पंख दिसू लागतात, आणि एका सकाळी कोष उकलतो. ओल्या चुरगळलेल्या पंखांत रक्त भरत जाताना दिसतं. रोल कोरा असता तर मी पहिल्या दिवशीच छत्तीस फोटो काढून घरात गेलो असतो.

कोषाचं चकाकणं मात्र डिजिटलनेही सुटलेलं नाही. भुंगेऱ्यांची पाठ, गांधीलमाशीचं डोकं, सगळ्यांचं तेच. उजेड मोठा आणि मऊ करावाच लागतो. भाचीने महागाचा थ्रीडी प्रिंट केलेला डिफ्युझर मागवला. उघडून बघितलं तर आत एक पांढरा पातळ पडदा. मी बटर पेपरची घडी पुढे केली. तिने ती लावली आणि आता ती लोकांना सांगते की मामाने दिलेला व्हिंटेज डिफ्युझर आहे. फोकसच्या दोन मिलिमीटरचं मात्र तिने पार पाणी केलं. कॅमेरा स्वतःच फोकस कणाकणाने पुढे सरकवत फोटोंची माळ घेतो, संगणक त्यांतले स्पष्ट भाग जोडून एकच फोटो करतो, आणि कोळी नखशिखांत लख्ख. लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने संग्रहालयातले कीटक असेच टिपले, एकेका चित्रासाठी हजारो फोटो जोडून. सुंदर आहेत ती चित्रं. पण ते किडे मेलेले आहेत, टाचणीवर आहेत. जिवंत कोळ्याकडून इतका वेळ स्थिर बसायची अपेक्षा केली की माणसं त्याला फ्रिजमध्ये ठेवायच्या वाटेला जातात.

हे फ्रिजचं पाप आजचंच नाही. बर्फाच्या डब्यात किडा गारठवून फोटो काढणारे तेव्हाही होते, फुलांवर ग्लिसरीनचं दव शिंपडणारेही होते. फरक संख्येचा आहे. तेव्हा हा रिकामटेकडेपणा परवडणारे मूठभर लोक होते. आता आंबोलीत पावसाळी रात्री एकेका झुडपापाशी टॉर्च घेतलेली माणसं उभी असतात. मलबारी चापडा हा साप एका फांदीवरून दिवसचे दिवस हलत नाही, त्यामुळे त्याचा पत्ता सगळ्यांना माहीत. तोंडावर एकामागून एक फ्लॅश. एखादा सांगतो, जरा काठीने तोंड इकडे वळवा. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आता तिथे आधी बुकिंग करून जावं लागतं. ते योग्यच. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांचा फोटो पोटावर पालथं पडल्याशिवाय मिळत नाही, आणि एका माणसाच्या पोटाखाली सीतेच्या आसवांची किती फुलं चिरडतात याचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही. आम्हीही लिहिला नव्हता. आम्ही थोडे होतो म्हणून पठाराने सोसलं, इतकंच. भाचीचा गट निदान फोटो टाकताना ठिकाण लपवतो. चांगल्या सवयी नव्यांनाही लागतात, फक्त त्या आता मुद्दाम लावून घ्याव्या लागतात.

गेल्या पावसाळ्यात ताईच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनने अंडी घातली. अळ्या निघाल्या, आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या, पांढऱ्या-तपकिरी; मग कात टाकून हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून तांबडं दुशिंगी काहीतरी बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. भाचीने पहिल्या दिवशी धडाधड फोटो काढले, मग का कोण जाणे थांबली. नुसती खुर्ची टाकून बसायला लागली. मी विचारलं, कॅमेरा कुठाय? तर म्हणाली, "मामा, ती खाताना पानाची कड कशी धरते ते बघ ना, पुढच्या पायांत. फोटोत नाही कळत." आतून ताई ओरडली, वरणाला फोडणी तयार आहे, कढीपत्ता कुठेय? रोपाला एक पान शिल्लक नव्हतं. भाचीने तिला खालच्या भाजीवाल्याकडे पिटाळलं.